तुरुंगजहाज हुतात्मा स्मारक, ब्रुकलिन

न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, फोर्ट ग्रीन पार्कमधील टेकडीच्या माथ्यावर उभा असलेला १४९ फूट (सुमारे ४५ मी.) उंचीचा स्तंभ. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात (१७७५–८३) ब्रिटिशांच्या तुरुंगजहाजांवर मेलेल्या कैद्यांचे हे स्मारक आणि त्यांची सामुदायिक समाधीही. इथे घोड्यावर बसलेला सेनापती नाही, उपसलेली तलवार नाही. पायऱ्यांखालच्या तळघरात हाडे आहेत.

ऑगस्ट १७७६ मध्ये अमेरिकन सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याने लाँग आयलंडची लढाई गमावली आणि न्यू यॉर्क ब्रिटिशांच्या हाती गेले, ते युद्ध संपेपर्यंत. नोव्हेंबरात मॅनहॅटनवरचा अमेरिकनांचा फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला पडला तेव्हा एका दिवसात अडीच हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. शहरातली चर्चे आणि साखर शुद्ध करण्याचे कारखाने कैद्यांनी भरून गेले. मग डोलकाठ्या उतरवलेली जुनी जहाजे ईस्ट नदीच्या वॉलबाउट खाडीत नांगरून त्यांचेच तुरुंग केले गेले. पुढे या जहाजांवर सैनिकांपेक्षा खासगी लढाऊ जहाजांवरचे खलाशीच जास्त आले. ब्रिटिश आरमारात भरती व्हायला तयार असलेल्याला सुटका मिळे. बहुतेकांनी ती नाकारली.

‘जर्सी’ हे त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध जहाज. १७३६ साली पाण्यात उतरलेली ही ६० तोफांची युद्धनौका १७८० पासून तुरुंग झाली आणि तिच्यात एकेका वेळी हजारावर माणसे कोंबली गेली. तोफांच्या खिडक्या बंद करून हवेपुरती लहान, गज लावलेली भोके ठेवली होती. देवी, हगवण आणि ताप यांना याहून सोयीची जागा नव्हती. रोज सकाळी झाकण उघडले की रात्रीत मेलेल्यांना वर आणण्याचा हुकूम होई. प्रेते होडीतून किनाऱ्यावर नेली जात आणि कैद्यांनीच, पहाऱ्याखाली, वाळूत उथळ खड्डे खणून ती पुरायची.

थॉमस ड्रिंग हा १७८२ मध्ये ‘जर्सी’वर असलेला खलाशी. त्याच्या आठवणी १८२९ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. मेलेल्यांना पुरायला गेलेल्या कैद्यांनी परतताना गवताचे ढेकूळ सोबत आणले, ते जहाजावर हातोहाती फिरले आणि जो तो फुलासारखा त्याचा वास घेत राहिला, असे त्याने लिहिले आहे. मृत्यूच्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे ढेकूळ जास्त सांगून जाते.

आकड्यांवर एकमत नाही. रूढ अंदाज साडेअकरा हजारांचा आहे. तो खरा धरला, तर त्या युद्धात अमेरिकन बाजूचे जेवढे लोक प्रत्यक्ष लढताना पडले, त्याहून जास्त या खाडीत मेले.

युद्ध संपले, पण भरती-ओहोटीने वाळू सरकत राहिली आणि कवट्या उघड्या पडू लागल्या. ती किनाऱ्याची जमीन घेतलेल्या जॉन जॅक्सनने हाडे गोळा केली आणि समाधीसाठी जागा देऊ केली. १८०८ मध्ये टॅमनी सोसायटी या न्यू यॉर्कमधील राजकीय संघटनेने मोठी मिरवणूक काढून १३ राज्यांच्या नावे १३ शवपेट्या तिथे ठेवल्या. त्यात श्रद्धा होती आणि राजकारणही होते: ब्रिटनविरुद्धचा राग तेव्हा टिपेला होता आणि टॅमनीला प्रतिपक्ष फेडरलिस्टांना खाली बघायला लावायचे होते. उत्साह ओसरला तशी समाधीही ओस पडली. करथकबाकीपायी जागा लिलावात निघाली, तेव्हा बेंजामिन रोमेन या टॅमनीच्याच जुन्या पुढाऱ्याने ती विकत घेतली आणि आपल्यालाही तिथेच पुरावे अशी व्यवस्था केली. खासगी कबरस्तान म्हटले की कुणी बांधकामाला हात घालणार नाही, हा त्याचा हिशेब.

१८७३ मध्ये अवशेष फोर्ट ग्रीनच्या टेकडीवरील विटांच्या तळघरात हलवले गेले. ही टेकडी उद्यान म्हणून राखली जावी यासाठी १८४० च्या दशकात ‘ब्रुकलिन ईगल’चा संपादक असलेल्या वॉल्ट व्हिटमनने लेखणी झिजवली होती. स्तंभाला मात्र आणखी ३५ वर्षे लागली. केंद्र सरकारने १ लाख डॉलर दिले ते तेवढीच रक्कम राज्य, शहर आणि नागरिकांनी उभी करावी या अटीवर. आराखडा वास्तुकार स्टॅनफर्ड व्हाइटचा. १९०६ मध्ये त्याचा खून झाला, त्यामुळे पूर्ण झालेले काम त्याने पाहिले नाही. डॉरिक शैलीच्या या स्तंभाच्या शिरावर आडॉल्फ वाइनमनने घडवलेला कांस्य कलश आहे. १४ नोव्हेंबर १९०८ रोजी नवनिर्वाचित अध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत लोकार्पण झाले. मृतांमध्ये स्पॅनिश खलाशीही होते. त्यांच्या स्मरणार्थ राजे हुआन कार्लोस यांनी १९७६ मध्ये इथे फलक लावला.

स्मारकाचे जतन मात्र लहरीप्रमाणे झाले. चौथऱ्याचे कांस्य गरुड नासधुशीच्या भीतीने कित्येक वर्षे दुसरीकडे ठेवावे लागले. शताब्दीच्या वेळी, २००८ मध्ये, ते परत आले. एप्रिल २०१५ मध्ये काही कलाकारांनी एका पहाटे इथे अमेरिकी सरकारच्या गुप्त पाळतीची माहिती उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनचा अर्धपुतळा गुपचूप बसवला. त्याच दिवशी तो काढला गेला.

‘सोसायटी ऑफ ओल्ड ब्रुकलिनाइट्स’ या संस्थेने १८८८ मध्ये ब्रिटिश नोंदींच्या आधारे ‘जर्सी’वरील सुमारे ८,००० कैद्यांची नावे छापली. त्यांतले किती जिवंत उतरले, ते यादीवरून कळत नाही. स्तंभावर यांतले एकही नाव कोरलेले नाही.