ऐतिहासिक सांस्कृतिक भूदृश्य : धर्मापुरी

मानवी वस्तीने पिढ्यानपिढ्या घडविलेला, आणि ज्यात माती, पाणी, शेती, देवालये, तटबंदी, वाटा व वहिवाट यांचे परस्परांशी जुळलेले नाते अद्यापि ओळखता येते, अशा भूभागास ऐतिहासिक सांस्कृतिक भूदृश्य म्हणतात. बीड जिल्ह्यात अंबेजोगाई व परळी यांच्या परिसरात, बालाघाटाच्या पठारी मुलखात वसलेले धर्मापुरी हे गाव या प्रकाराचे मराठवाड्यातील एक बोलके उदाहरण होय. त्याची ख्याती मुख्यत्वे केदारेश्वराच्या देवळामुळे आहे. परंतु केवळ देवळापुरती दृष्टी ठेवून या गावाचा विचार करणाऱ्याच्या हाती त्याचा अर्धाच वृत्तांत लागतो.

ही संकल्पना फार जुनी नाही. अमेरिकन भूगोलवेत्ता कार्ल सॉअर याने 1925 साली संस्कृती ही घडविणारी शक्ती आणि निसर्ग हे तिचे माध्यम अशी मांडणी करून तिला शास्त्रीय पाया दिला. पण स्मारकांच्या रक्षणाचा कारभार त्यानंतरही अनेक दशके इमारतीपाशीच घोटाळत राहिला, आणि 1964 च्या व्हेनिस सनदेने स्मारकाच्या सभोवतालाची दखल घेतली तरी शेत, ओढा आणि गायरान यांना वारशाचा मान मिळण्यास 1992 साल उजाडावे लागले. त्या वर्षी युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत सांस्कृतिक भूदृश्यांना स्थान देऊन त्यांचे तीन वर्ग केले : हेतुपूर्वक रचलेली, कालौघात आपोआप विकसित झालेली, आणि श्रद्धा वा स्मृतीमुळे अर्थ प्राप्त झालेली. भारतातील भीमबेटका हे स्थळ 2003 साली या दृष्टीने यादीत आले; 2025 साली महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी मिळून बारा किल्ल्यांचा जो समूह नोंदला गेला, तोही सुटे किल्ले म्हणून नव्हे, तर मराठ्यांचे लष्करी भूदृश्य म्हणून. धर्मापुरी अशा कोणत्याही यादीत नाही. वर्गवारीच करावयाची तर ते दुसऱ्या वर्गात पडते, कारण तेथे काही अवशेष निष्प्राण झाले असले तरी नांगर चालतो आहे आणि महादेवापुढे दिवा लागतो आहे.

केदारेश्वराचे देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या अमदानीतील शिल्पपरंपरेचे आहे. त्याच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरींच्या मूर्ती, त्यांच्या अंगविक्षेपांतील लय, आभूषणांची बारीक कलाकुसर आणि भिंतीच्या कोनाकोनांतून खेळणारा छायाप्रकाश यांमुळे मराठवाड्यातील देवालयांच्या कोणत्याही विवेचनात या वास्तूचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण; सहाव्या विक्रमादित्याने 1076 साली तेथून स्वतःचा संवत सुरू केला आणि 1126 पर्यंत राज्य केले. त्या दीर्घ राजवटीच्या काळात आणि तिच्या आगेमागे या मुलखात देवळे, तलाव, बारवा आणि अग्रहार यांची जी भरभराट झाली, तिची साखळी पुढे यादवांच्या काळातही तुटली नाही, याची साक्ष सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे अंबेजोगाईचे लेख देतात.

गावचा किल्ला ही या भूदृश्याची दुसरी बाजू. पुढील काळात उभारलेल्या या भुईकोटाच्या तटात देवळांचे कोरीव दगड बसविलेले दिसतात. जी शिळा एकेकाळी मंडपाची शोभा होती ती आता तटाचे वजन पेलते. हा प्रकार पाहून रसिकास हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ते दगड तटातून उपटून मूळ देवळास परत करावेत अशी जी सूचना अशा ठिकाणी भाबडेपणाने पुढे येते, ती मान्य करणे म्हणजे एका पुराव्यासाठी दुसरा पुरावा नष्ट करणे होय. सत्ता कशी बदलली, कोणते देऊळ आधी ओस पडले, बांधकामास दगड जवळून मिळविण्याची निकड किती होती, हे सांगणारा दस्तऐवज तो तटच आहे.

मूल्यांकनाची खरी अडचण येथेच उभी राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागात 1984 साली रॉबर्ट मेलनिक यांनी ग्रामीण ऐतिहासिक प्रदेशांच्या पाहणीची जी पद्धत घालून दिली आणि जी पुढे तेथील सरकारी मार्गदर्शनात रूढ झाली, तिच्यात भूरूप, जमिनीचा वापर, वाटा, सीमा, वनस्पती, इमारती व लहानसहान वस्तू अशी घटकवार नोंद करावयाची असते. ही शिस्त आपल्याकडे अवश्य उचलण्याजोगी आहे. मात्र त्याच परंपरेत प्रदेशाचा ‘महत्त्वाचा कालखंड’ ठरवून त्याच्याशी आजची स्थिती ताडून पाहण्याची जी रीत आहे, ती धर्मापुरीस जशीच्या तशी लावल्यास अकरावे-बारावे शतक हे प्रमाण ठरून किल्ला, निजामाच्या राजवटीतील गाव आणि आजची शेती या सर्वांस उपऱ्याचा दर्जा मिळेल. 1994 च्या नारा येथील दस्तऐवजाने अस्सलपणाची कसोटी त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात लावावी असे म्हटले, ते या गावाच्या बाबतीत अधिक उपयोगी पडते. येथे निरनिराळ्या काळांचे थर एकमेकांत ज्या रीतीने मिसळले आहेत, ती मिसळणच जपण्याजोगी आहे.

मराठवाड्यातील शेतकरी गावाचे दोन भाग फार पूर्वीपासून ओळखतो : पांढरी आणि काळी. वस्तीची राख, शेण, माती साचून उंचावलेली ती पांढरी, आणि सभोवारची पिकाऊ ती काळी. पांढरीत उत्खननशास्त्राचा खजिना असतो, आणि घराच्या पायासाठी वा खतासाठी तिची माती खणली जाते तेव्हा तो खजिना बैलगाडीने शेतात जातो. काळीचा त्रास वेगळा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या जड दगडी बांधकामाचे सांधे या वार्षिक हालचालीने खिळखिळे होतात. देवळाच्या भोवती पाणी साचू न देणे हा त्यामुळे शिल्पाच्या रक्षणाइतकाच निकडीचा प्रश्न ठरतो. पण तो सोडविण्यास देवळाच्या आवाराबाहेर, लोकांच्या बांधांवर आणि गावच्या नाल्यांवर जावे लागते, आणि तेथे पुरातत्त्व खात्याचा हात पोहोचत नाही.

मूल्यांकनाची साधने जमिनीवर जेवढी आहेत तेवढीच दप्तरांत आहेत. ताम्रपटांत दान दिलेल्या गावांच्या सीमा सांगण्याचा प्रघात होता. याच जिल्ह्यातील गोदातीरावरच्या पुरुषोत्तमपुरी येथे सापडलेला यादव राजा रामचंद्र याचा शके 1232 चा, म्हणजे इसवी सन 1310 चा ताम्रपट अशा अग्रहाराची स्थापना नोंदवितो. नंतरच्या काळासाठी निजामाच्या महसुली कागदांना पर्याय नाही. इनामांची वैधता ठरविणारे मुंतखब, देवळाच्या वा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनींच्या नोंदी, गावनकाशे आणि हैदराबाद राज्यातील 1954–55 ची खासरा पाहणी हे सर्व एकत्र वाचले, तर कोणता ओढा कोठून वळविला आणि गायरान कसे आकसले, याचा माग लागू शकतो. सातबाऱ्यावरील नोंदी ताज्या असतात म्हणून त्यांवरच भिस्त ठेवणारा पाहणीदार फसण्याचा संभव मोठा.

खिदमतमाश हा विषय व्यवस्थापनाच्याही मुळाशी आहे. दिवाबत्ती, पूजा, झाडलोट आणि किरकोळ डागडुजी ही कामे ज्या कुटुंबांकडे होती त्यांचा चरितार्थ या जमिनींवर चाले. म्हणजे देखभालीचा खर्च भूदृश्यातूनच निघत असे. हैदराबादच्या 1954 च्या इनाम निर्मूलन कायद्याने धार्मिक संस्थांची इनामे सामान्यतः वगळली होती, तरी जेथे अशी जमीन हळूहळू खाजगी वहिवाटीत गेली तेथे सेवाही ओसरली. तिची जागा शासकीय अनुदानाने पूर्णतः भरून निघत नाही, कारण अनुदान इमारतीसाठी मंजूर होते आणि रोजच्या झाडलोटीस त्यात शीर्षक नसते.

कायद्याची रचनाही इमारतकेंद्रीच आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या भोवती 2010 च्या दुरुस्तीनंतर 100 मीटर निषिद्ध व त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते, आणि राज्याचा स्वतंत्र अधिनियम 1960 चा आहे. पण ओढा, शिवारातील पायवाट किंवा जत्रेची मोकळी जागा यांना मोजपट्टीने आखलेले वर्तुळ वाचवू शकत नाही. धर्मापुरीसारख्या ठिकाणी ग्रामपंचायत, तहसील कचेरी, जलसंधारणाचे काम पाहणारे खाते आणि पुरातत्त्व खाते यांनी एकाच नकाशावर काम केल्यावाचून मार्ग नाही. गावठाणाच्या घरांना सरसकट मनाई करणे हा उपाय अन्यायाचा, आणि ज्यांच्या सहकार्यावर सर्व अवलंबून त्यांनाच विरोधात उभे करणारा म्हणून निरुपयोगीही आहे.

कामांचा क्रम ठरविताना भव्य जीर्णोद्धारास अग्रस्थान देण्याचा मोह आवरला पाहिजे. प्रथम पाण्याचा निचरा, मग सुट्या शिल्पांची छायाचित्रांसह यादी, मग मूर्तींवरील तैलरंग व शेंदराचे थर आणि सांध्यांतील सिमेंट काढून चुन्याचा वापर, आणि त्यानंतरच तट व शिखर यांची दुरुस्ती. तटाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना प्रत्येक कोरीव दगडाची जागा, तोंड व माप यांची स्वतंत्र नोंद व्हावी आणि ती करारनाम्यास जोडली जावी. तसे न झाल्यास मक्तेदाराच्या लेखी ती अप्सरा ब्रासच्या हिशेबाने मोजावयाचा भरावाचा माल असते.