घरच्या रियाजाचे ध्वनिमुद्रण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली, त्या काळी गाणे शिकणे म्हणजे गुरूच्या घरी राहणे, आणि रियाज, म्हणजे मिळालेली तालीम गळ्यावर चढेपर्यंत रोज घोटण्याची मेहनत, तीही तिथेच होत असे. पहाटेची खर्जसाधना, म्हणजे खालच्या सप्तकात दीर्घ श्वासावर आवाज स्थिर करण्याचा अभ्यास, आणि त्यानंतरचे पलटे, म्हणजे ठरावीक स्वरसमूह चढत्या-उतरत्या क्रमाने पुन्हा पुन्हा म्हणणे, हे सारे गुरूच्या कानावर पडत राही. या व्यवस्थेमागे गुरुभक्ती होती, तसेच एक शारीरिक कारणही होते. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हवेतून जसा ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही पोहोचतो, आणि हाडांतून आलेल्या कंपनांमुळे तो त्याला प्रत्यक्षापेक्षा अधिक भरीव व खोल वाटतो. त्यामुळे श्रोत्याला ऐकू येणारे आपले गाणे गायकाला स्वतः कधीच ऐकता येत नव्हते. ते ऐकणारा कान गुरूचाच असे.

घरी एकट्याने गाताना या कानाची उणीव काही अंशी तंबोरा भरून काढी. तंबोऱ्याच्या घोडीला किंचित बाक देऊन आणि तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवून जी जवारी लावली जाते, तिच्यामुळे तारेच्या मूळ नादाबरोबर अनेक वरचे स्वर घुमू लागतात, आणि गळा त्यांच्यापासून जरा जरी ढळला तरी तयार कानाला ते लगेच जाणवते. पंढरपूर-मंगळवेढे परिसरातील भोपळ्यांपासून असे तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची असून, तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र तंबोरा दाखवी तो फक्त सूर. लय, दम, शब्दोच्चार आणि रागाची मांडणी यांबद्दल तो मौनच पाळी.

एडिसनने 1877 मध्ये तयार केलेला फोनोग्राफ ही उणीव दूर करू शकला असता, कारण ते यंत्र आवाज ऐकवत असे आणि टिपूनही घेत असे. पुढे आलेल्या मेणाच्या नळकांड्यावर सुमारे दोन मिनिटांचे गाणे मावे आणि वरचा थर तासून तेच नळकांडे पुन्हा वापरता येई. कोलकात्यात एच. बोस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नळकांड्यांवरच व्यवसाय उभारला होता. पण बाजार जिंकला तबकडीने. 1902 मध्ये फ्रेड गेसबर्ग याने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले आणि त्यानंतर घरोघरी पोहोचलेला ग्रामोफोन केवळ ऐकवणारा होता, टिपणारा नव्हता. इथे इतिहासाने घरच्या गायकावर अन्यायच केला असे म्हणावे लागते, कारण हाताशी आलेले साधन जवळजवळ पन्नास वर्षांसाठी त्याच्यापासून दूर गेले.

तबकडीने घराला दुसऱ्याचे गाणे दिले, हे मात्र थोडेथोडके नव्हते. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून भीमसेन जोशी लहानपणीच गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, आणि बालवयातील कुमार गंधर्व तर थोरामोठ्यांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवत. याच काळात विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे गांधर्व महाविद्यालय (लाहोर, 1901, मुंबई, 1908) आणि विष्णु नारायण भातखंडे यांची स्वरलिपीबद्ध क्रमिक पुस्तके यांमुळे बंदिश कागदावर उतरून मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः गुरुगृही राहू न शकणाऱ्या स्त्रियांपर्यंत, पोहोचली. दुसरीकडे अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्यासारखे गायक आपल्या गाण्याचे कोणतेही मुद्रण मागे न ठेवता गेले.

टिपण्याची सोय परत आली ती चुंबकीय फितीने. जर्मनीत 1935 मध्ये लोकांसमोर आलेले हे तंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरले, आणि पुढच्या दशकांत पुण्या-मुंबईच्या काही रसिकांकडे परदेशी स्पूल टेपरेकॉर्डर दिसू लागले. खासगी बैठकींची जी मुद्रणे आज मोलाची मानली जातात, त्यांतील पुष्कळशी या हौशी मंडळींनी केलेली आहेत. फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये आणलेली कॅसेट भारतात खऱ्या अर्थाने घरगुती झाली ती 1970च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. जवळपास त्याच सुमारास बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, आणि साथीला माणूस नसलेल्या विद्यार्थ्याला एकट्याने रियाज करणे व तो टिपणे दोन्ही शक्य झाले.

यातून दोन सवयी रुजल्या आणि त्यांचे मोल सारखे नाही. तालीम मुद्रित करून घरी नेण्याची सवय सोयीची खरी, पण तिच्याबद्दल अनेक गुरूंनी दाखवलेली नाराजी निराधार नव्हती. कॅसेटवरची तान वारंवार ऐकून विद्यार्थी ती तान पाठ करतो, ती कशी सुचली हे शिकत नाही. स्वतःचा रियाज टिपून ऐकण्याची सवय मात्र निःसंशय हिताची ठरली. प्रथम ऐकताना आपलाच आवाज परका व पातळ वाटतो, परंतु विलंबित लय कुठे नकळत चढली, समेवर येताना, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पोहोचताना, मुखडा कसा ओढूनताणून बसवला, श्वास कुठे तुटला, हे गाताना निसटणारे सारे त्यात उघडे पडते. आजचा मोबाइल हे काम फुकट करतो, तरी त्यातील काही त्रुटी जाणून घ्याव्यात: बोलणे स्पष्ट यावे म्हणून पुष्कळ फोन हलका आवाज आपोआप वाढवतात आणि मोठा दाबतात, त्यामुळे स्वर लहान-मोठा करण्याचा अभ्यास त्यावर तपासता येत नाही, काहींमध्ये तंबोऱ्याचा अखंड नादही गोंगाट समजून पुसला जातो.

फीत महाग असल्याने लोक बैठका जपत आणि रियाज पुसून त्यावर नवे मुद्रण करत. म्हणूनच गायक घडत असतानाचा आवाज हा आपल्या संग्रहांतील सर्वांत दुर्मीळ ठेवा आहे. ज्या घरांत अशी स्पूले वा कॅसेटी अजून पडून आहेत, त्यांनी दमट हवेत त्यांना बुरशी लागण्याआधी जाणकाराकडून त्यांचे डिजिटल रूपांतर करून घ्यावे आणि केवळ अपुरे, चुकांचे गाणे आहे म्हणून ती टाकून देऊ नयेत.