अंगठ्याची साक्ष

लिहिता-वाचता न येणाऱ्याला आपण थट्टेने ‘अंगठेबहाद्दर’ म्हणतो. पण सहीची नक्कल होते, अंगठ्याची सहसा होत नाही, हे ध्यानी आले तेव्हा त्या थट्टेतील बहादुरी खरी ठरली. २८ जुलै १८५८ रोजी बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने खडीचा मक्तेदार राज्यधर कोनाई याच्याकडून करारपत्रावर पंजाचा ठसा घेतला. त्याने पुढे करार नाकारू नये, एवढाच हेतू. पुढे एडवर्ड हेन्रीच्या हाताखालील अझिझुल हक यांनी ठशांची विभागणी १०२४ खणांत बसविली, हेमचंद्र बोस यांनी ती पद्धत आणखी पुढे नेली आणि १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले.

लवकरच त्याची परीक्षा झाली. जलपैगुडी जिल्ह्यात चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला आढळला. पेटी फुटलेली होती. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्त होते. ‘धन्यासाठी कबुतर मारले त्याचे ते,’ असा त्याचा खुलासा. रासायनिक तपासणीने तो खरा ठरविला. नुसत्या डागावर विसंबले असते, तर तो बिचारा फासावर गेला असता!

पेटीत निळसर वेष्टणाचे एक बंगाली पंचांग होते. त्यावरील तपकिरी डाग रक्ताचा निघाला आणि त्यातील रेषा पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्या कंगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळल्या. १८९८ साली त्याला शिक्षा झाली. परंतु चोरीची, खुनाची नव्हे. अंगठा पेटीपर्यंत पोहोचला, हे सिद्ध झाले. सुरी कोणी चालविली, हे अंगठा सांगत नव्हता. आमच्या मते या खटल्याचे मोठेपण ठसा जुळण्यात जितके, तितकेच न्यायालयाच्या या संयमात आहे.

हाच धडा आपल्या माजरीच्या शाळेत देता येईल. समजा, वर्गातील कपाटातून खडूची पेटी नाहीशी झाली, असा खोटा देखावा मांडला. जमिनीवर कोळशाच्या भुकटीची पाऊलखूण आहे. मुले लगेच म्हणतील, चोर खाणीवरून आला! पण या गावात कोळशाची धूळ कोणाच्या चपलेला नसते? सर्वांना लागू पडणारी खूण एकट्यावर बोट ठेवीत नाही. मग खुणेची लांबी मोजावी, झिजलेली टाच पाहावी. कपाटाच्या काचेवर बारीक भुकटी हलक्या कुंचल्याने फिरवून ठसा काढावा. तो गुरुजींचाच निघाला, तर? कपाट रोज तेच उघडतात! ठसा कोणाचा हा एक प्रश्न. तो तेथे केव्हा व का पडला हा दुसरा.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तज्ज्ञ येतील, उपकरणेही येतील. पण पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे, पदरचे त्यात घालू नये, ही सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल. चावडीवर बसून शेजाऱ्याला चोर ठरविण्यापूर्वी त्या स्वयंपाक्याचे कबुतर आठवावे, इतकेच आमचे मागणे आहे.