शिशाचा नळ, खापराचा नळ

वाचकहो, दारव्ह्याच्या माणसाला ‘तुमच्या वाड्यात शिशाचा नळ होता का?’ असे विचारले, तर तो हसेल. विहीर आणि पोहरा, हेच आपले वैभव! रोमन लोकांनी मात्र शिशाचे नळ घरोघर नेले. मातीच्या नळातले पाणी अधिक आरोग्यकारक, असे त्यांच्याच व्हिट्रुव्हियस नावाच्या स्थापत्यकाराने लिहून ठेवले. शिशाचे काम करणाऱ्यांचे पांढरेफटक चेहरे त्याने पाहिले होते. ऐकतो कोण? शिकागो शहरात १९८६ पर्यंत घरजोडणीला शिसेच सक्तीचे होते. ते नळ दहा वर्षांत उपटण्याचा नियम अमेरिकेने २०२४ साली केला!

आपल्याकडे सतराव्या शतकात मलिक अंबराने औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) नहर आणली. तिचे पाणी खापराच्या नळांतून वस्तीत फिरले. मला तर हे शहाणपण रोमपेक्षा मोठे वाटते.

पण आपण सुटलो असे समजू नका, बरं का! पीव्हीसीचा नळ घडविताना उष्णतेने बिघडू नये म्हणून त्यात शिशाचे क्षार घालीत. तेच थोडे थोडे पाण्यात उतरते. हे क्षार हटविण्याचे नियम केंद्र शासनाने २०२१ साली केले. त्याआधी ज्यांनी लोखंडी नळ काढून पीव्हीसी बसविला, त्यांनी नळात रात्रभर साचलेले पाणी पिण्यास घेऊ नये. उकळून शिसे जात नाही.