शामोनी

शामोनी (अधिकृत नाव शामोनी-मों-ब्लां) हे फ्रान्सच्या ऑत-साव्वा विभागातील, आल्प्स पर्वतात वसलेले नगर आहे. इटली व स्वित्झर्लंड या दोन्ही देशांच्या सीमा येथून जवळ आहेत. नगराची लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास असून आधुनिक गिर्यारोहणाचा आरंभ येथे झाला असे मानले जाते. १९२४ मधील पहिल्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा याच ठिकाणी भरल्या. भारतीय अणुविज्ञानाचे प्रवर्तक डॉ. होमी भाभा यांचा मृत्यू ज्या विमान अपघातात झाला, तोही या नगराच्या वरच्या हिमक्षेत्रात घडला.

रोमन लिपीतील नावाचे शेवटचे अक्षर फ्रेंच उच्चारात येत नाही. म्हणून 'शामोनिक्स' हे लेखन योग्य नव्हे.

भूगोल

आर्व्ह नदीच्या अरुंद खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३५ मी. उंचीवर नगर वसले आहे. आग्नेयेस मों ब्लां (इंग्रजी वळणाने 'माँट ब्लँक') पर्वतसमूह, तर समोरच्या अंगास तांबूस खडकांची एग्वी रूज ही रांग आहे. मों ब्लांची उंची ४,८०० मीटरांहून थोडी अधिक आहे. माथ्यावर हिमाचे जाड आवरण असल्यामुळे ती दर मोजणीत काहीशी बदलते. २०२१ मध्ये ती ४,८०७.८१ मी., तर २०२३ मध्ये ४,८०५.५९ मी. भरली. पाठ्यपुस्तकांतील ठरावीक आकडा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हिमनद्या

खोऱ्याचे जीवन हिमनद्यांनी घडविले आहे. त्यांतील सर्वांत मोठी मेर द ग्लास, म्हणजे 'हिमसागर'. सतराव्या शतकात हवामान थंड होऊन या हिमनद्या पुढे सरकू लागल्या व शेते आणि वस्त्या गिळंकृत होण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा १६४४ मध्ये जिनिव्हाच्या धर्मप्रांताचे सहायक बिशप शार्ल-ओग्युस्त द साल यांनी सुमारे ३०० ग्रामस्थांची मिरवणूक हिमनदीच्या मुखाशी नेली आणि बर्फाने मागे हटावे म्हणून प्रार्थना केली.

आज बर्फ मागे हटतो आहे, आणि तीच खोऱ्याची चिंता झाली आहे. एकेकाळी हिमनदीचे टोक खोऱ्याच्या तळातून दिसत असे. १९०९ पर्यंत पूर्ण झालेल्या दंतुर रेल्वेने पर्यटक मोंतांव्हेर येथे जाऊन हिमसागर पाहू लागले. पुढे पृष्ठभाग खचत गेल्याने १९८८ मध्ये तेथून खाली पाळण्यांचा रज्जुमार्ग करावा लागला. त्याच्या खालच्या स्थानकापासून बर्फापर्यंत जाण्यासाठी पायऱ्या वाढवत नेल्या गेल्या आणि त्यांची संख्या पाचशेवर गेली. अखेर २०२४ मध्ये हिमनदीच्या वरच्या अंगास नवा रज्जुमार्ग सुरू झाला.

इतिहास

इ.स. १०९१ च्या सुमारास जिनिव्हाच्या काउंटने हे खोरे बेनेदिक्तीन मठाला दान दिले. त्या लॅटिन दानपत्रात 'काम्पुम मुनितुम' असे नाव येते. त्यानंतरची कित्येक शतके गुरे, ओट, बार्ली आणि हिमप्रपातांची भीती यांत गेली. १७४१ मध्ये विल्यम विंडम व रिचर्ड पोकॉक हे दोन इंग्रज येथे आले. विंडमने हिमनदीला वादळात गोठलेल्या सरोवराची उपमा दिली. त्याचे वर्णन प्रसिद्ध झाल्यावर युरोपचे लक्ष या खोऱ्याकडे वळले.

जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६० मध्ये मों ब्लांचा मार्ग शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. (भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना परिचित असलेले फेर्दिनां द सोस्यूर हे यांचेच पणतू.) ८ ऑगस्ट १७८६ रोजी गावचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि स्फटिक शोधणारा झाक बालमा हे दोघे माथ्यावर पोहोचले. शामोनी तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते. साव्वा प्रांत सार्डिनियाच्या राज्यात होता व तो १८६० मध्ये फ्रान्सला मिळाला.

या आरोहणाच्या श्रेयाचा वाद दीर्घकाळ चालला. बक्षीस बालमाला मिळाले. पाकार यांना बालमाने ओढत वर नेले, अशी कथा लेखक मार्क-तेओदोर बुरी यांनी पसरविली आणि पुढे आलेक्सांद्र द्युमा यांनी वृद्ध बालमाच्या तोंडून ऐकून ती रंगविली. वस्तुतः त्या दिवशी खालून दुर्बिणीतून चढाई पाहणारे जर्मन बॅरन फोन गेर्सडॉर्फ यांची टिपणे व रेखाटन उपलब्ध होते आणि ती पाकार यांच्या बाजूची होती. तरीही १८८७ मध्ये चौकात पुतळा उभा राहिला तो सोस्यूर व त्यांना शिखर दाखविणाऱ्या बालमाचा. पाकार यांचा पुतळा बसण्यास आरोहणाची द्विशताब्दी, म्हणजे १९८६ साल, उजाडावे लागले. मारी पारादी ही शिखरावर पोहोचणारी पहिली स्त्री (१८०८) याच गावची होती.

१८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या मोहिमेत हिमप्रपाताने तीन मार्गदर्शक दरीत गाडले गेले. त्यानंतर १८२१ मध्ये मार्गदर्शकांनी आपली संघटना स्थापन केली. आळीपाळीने काम वाटून घेणे व मृतांच्या कुटुंबांना साहाय्य देणे हे तिचे हेतू होते. ती आजही कार्यरत आहे आणि १५ ऑगस्टला मार्गदर्शकांचा उत्सव साजरा होतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी हिमनदीच्या गतीवरून हे मृतदेह सुमारे ४० वर्षांनी खाली येतील असे अनुमान केले होते. १८६१ मध्ये बोसों हिमनदीच्या टोकाशी त्यांचे अवशेष खरोखरच मिळाले.

१९०१ मध्ये रेल्वे आली. २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४ या काळात १६ देशांच्या खेळाडूंचा 'हिवाळी क्रीडा सप्ताह' येथे झाला. त्याला पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचा दर्जा मागाहून देण्यात आला. ३,८४२ मी. उंचीच्या एग्वी द्यु मिदी सुळक्याचा रज्जुमार्ग १९५५ चा, तर इटलीला जोडणारा ११.६ किमी लांबीचा बोगदा १९६५ चा. २४ मार्च १९९९ रोजी या बोगद्यात मालमोटारीला लागलेल्या आगीत ३९ जण मृत्युमुखी पडले व बोगदा २००२ पर्यंत बंद राहिला.

स्की व गिर्यारोहणाचे राष्ट्रीय प्रशिक्षण विद्यालय येथेच आहे. २००३ पासून मों ब्लांभोवतीची दीर्घ पल्ल्याची धावशर्यत दरवर्षी येथून सुटते. फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने २०१९ मध्ये गिर्यारोहणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

एअर इंडियाचे अपघात

३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनला निघालेले 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मों ब्लांवर आदळून त्यातील सर्व ४८ जण मरण पावले. प्रवाशांत बहुसंख्य खलाशी होते. त्यांच्या शोधास निघालेले शामोनीचे मार्गदर्शक रने पायो हेही हिमात प्राणास मुकले. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहूनच निघालेले 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाकडे उतरत असताना शिखराजवळ आदळले. त्यातील ११७ जणांत, व्हिएन्नाच्या बैठकीस निघालेले डॉ. भाभा होते. तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राला १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

हामेल यांच्या मार्गदर्शकांप्रमाणेच या विमानांचे अवशेषही बोसों हिमनदी हळूहळू खाली आणून देत आहे. २०१२ मध्ये भारतीय राजनैतिक टपालाची पिशवी सापडली. २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी असलेली वृत्तपत्रे बर्फातून बाहेर आली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, नीलमणी व माणकांची पेटी मिळाली आणि ती त्याने पोलिसांच्या स्वाधीन केली. वारसांचा माग न लागल्याने २०२१ मध्ये रत्नांचे दोन भाग करण्यात आले. एक भाग त्या गिर्यारोहकाला मिळाला. नगराच्या वाट्याला आलेला दुसरा भाग शामोनीच्या स्फटिक संग्रहालयासाठी राखला गेला.