साथीचे रोग आणि घरकामगार स्त्रीची सुरक्षितता : एक ऐतिहासिक विचार

कोरोनाच्या साथीचा इतिहास आता लिहिला जाऊ लागला आहे. त्यात विषाणू आहे, लस आहे, डॉक्टर आहेत, पायी गावाकडे निघालेले मजूरही थोडेफार आहेत. लोकांच्या घरी धुणीभांडी, केरफरशी करणारी बाई मात्र त्यात जवळजवळ नाही. आली तर ती एका प्रश्नाच्या रूपाने येते : कामवालीला परत बोलवावे की नाही, आणि बोलवले तर काय काळजी घ्यावी ? २०२० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतून हा प्रश्न चर्चिला गेला. ह्या प्रश्नाची रचनाच पाहण्यासारखी आहे. परत यायचे तिने, आणि काळजी घ्यायची ती घराची. तिची स्वतःची काळजी कोणी घ्यायची, हे त्या चर्चेत कोठेच नव्हते.

ही रचना विषाणूने निर्माण केलेली नाही. साथ आली की समाजाला सफाई करणारे हात हवे असतात. त्या हातांमागचा माणूस मात्र नको असतो. गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात ही गोष्ट पुनःपुन्हा घडलेली आहे. तो इतिहास समजून घेतल्याशिवाय 'सुरक्षितपणे कामावर परतणे' ह्या शब्दांचा अर्थ लागणार नाही.

१

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या ह्या शहरातून निम्म्याच्या जवळपास माणसे पळाली. ज्यांच्यापाशी गाव होते, पैसा होता, ते गेले. म्युनिसिपालिटीने ऑक्टोबरच्या आरंभी रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम काढला. त्याविरुद्ध लोक खवळले. महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. हुकूम सौम्य करावा लागला. म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी आपल्या अहवालात त्या दिवसांतली जी धास्ती नोंदविली आहे, ती आपल्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचली पाहिजे. शहरातले हलालखोर आणि झाडूवाले जर पळून गेले, तर मुंबई राहण्याच्या लायकीची उरणार नाही, ही ती धास्ती होती.

हे हलालखोर म्हणजे प्रामुख्याने गुजरात-काठेवाडहून आणलेले भंगी समाजाचे लोक. रस्ते झाडणाऱ्यांत आपले महार बांधव मोठ्या संख्येने होते. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे अजूनही 'हाऊस गल्ली' दिसते. मैला उचलणाऱ्याने पुढच्या दाराने येऊ नये, घरातल्या माणसाच्या नजरेला पडू नये, म्हणून केलेली ती वाट. शहराच्या नकाशातच विटाळ बांधून घेतलेला होता. आणि पाठीमागच्या गल्लीतून येणारा हा माणूस नसेल तर पुढच्या दिवाणखान्यात बसता येणार नाही, हे प्लेगने शहराला उघड करून दाखविले.

मग शहराने काय केले ? त्याला माणूस म्हणून पुढच्या दाराने बोलाविले काय ? नाही. त्याला बांधून ठेवणारा कायदा आधीच तयार होता. १८९० च्या म्युनिसिपल नोकरांच्या कायद्याने सफाईच्या नोकराने आगाऊ नोटीस न देता काम सोडणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरविला होता. इतर नोकराने नोकरी सोडली तर मालकाची गैरसोय होते. ह्याने सोडली तर तो गुन्हेगार होतो! प्लेगच्या काळात ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा आला. शासनाला अमर्याद अधिकार देणारा हाच कायदा २०२० साली पुन्हा लागू झाला.

प्लेग कसा पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. गटारांत कार्बोलिक ओतले जात होते, भिंतींना चुना फासला जात होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों ह्यांनी कराचीत प्रयोग करून उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरविते हे दाखविले. ह्याचा अर्थ आज आपल्याला लागतो. मेलेला उंदीर झाडूने ओढून टोपलीत टाकणारा माणूस मरणाच्या सर्वांत जवळ उभा होता. शहर त्याच्या जाण्याला भीत होते, त्याच्या मरणाला भीत नव्हते.

त्याच साथीत पुण्याजवळ एक वेगळी घटना घडली. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेगने तापलेल्या मुलाला सावित्रीबाई फुले ह्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या काळात रोगाच्या नावाखाली स्पर्श टाळणे हे शहाणपण ठरत होते, त्या काळात त्यांनी अस्पृश्य मुलाचा जीव वाचविण्याजोगा मानला. साथीत माणसाने माणसाशी कसे वागावे ह्याचा आपला आदर्श येथे आहे.

२

१९१८ च्या इन्फ्ल्यूएन्झाने तर जातवार हिशेबच मांडून ठेवला. मुंबई शहरात त्या वर्षी हजारी मृत्यूचे प्रमाण युरोपियनांत ८.३ होते, पारशांत ९, उच्चवर्णीय व इतर सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना सरकारी नोंदीत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले होते त्यांच्यात ६१.६. विषाणूला जात कळत नाही हे खरे. पण जातीने माणसाला कोणत्या खोलीत, किती दाटीत, किती उपाशी ठेवायचे हे आधीच ठरविलेले असते. विषाणू तयार वाटेने चालतो.

२०२० च्या जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत कोरोनाची प्रतिपिंडे आढळली. झोपडपट्टीबाहेर १६ टक्क्यांत. एकशेदोन वर्षांत वाट फारशी बदलली नव्हती.

३

महारकी सोडा, मेलेली ढोरे ओढू नका, हा संदेश डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला दिला. आपल्या लोकांनी तो पाळला. गाव सोडले. परंतु शहराने आपल्या बायांपुढे जे काम ठेवले ते पुन्हा दुसऱ्याची घाण काढण्याचेच होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि सोलापूर-नगरकडून कितीतरी कुटुंबे पुण्याच्या झोपडपट्ट्यांत आली. पुरुष बिगारी झाला, बाई धुणीभांड्याला लागली. घरकाम करणाऱ्या सगळ्याच बाया दलित नसतात. गरीब मराठा, मुसलमान, आदिवासी बायाही आहेत. पण घरकामाच्या आतही एक वर्णव्यवस्था आहे. स्वयंपाकाला बाई ठेवताना जात विचारली जाते. संडास-बाथरूम घासायला ठेवताना ती गृहीत धरली जाते.

१९८० साली पुण्यात मोलकरणींचा संप झाला. त्याचे तात्कालिक कारण ह्या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. एक बाई आजारी पडली, चार दिवस कामाला आली नाही, म्हणून तिला काढून टाकले. आजूबाजूच्या घरांत काम करणाऱ्या बायांनी काम बंद केले. पगारवाढ आणि पगारी सुट्टीच्या मागण्या पुढे आल्या आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. म्हणजे घरकामगार स्त्रीच्या चळवळीचा महाराष्ट्रातला आरंभच मुळी आजारपणाच्या प्रश्नातून झालेला आहे. आजारी पडलेल्या बाईला घरी झोपून राहण्याचा हक्क आहे की नाही, हा तो प्रश्न. साथीच्या काळात ज्याला विलगीकरण म्हणतात, ते ह्या बाया चाळीस वर्षांपूर्वी हक्क म्हणून मागत होत्या. तो त्यांना मिळाला असता तर २०२० साली समाजाचेच रक्षण झाले असते.

पुढे २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात अपघात, बाळंतपण, मुलांचे शिक्षण ह्यांसाठी मदतीची तरतूद आहे. मृत्यूनंतर अंत्यविधीच्या खर्चाचीही आहे. आजारपणात पगार चालू राहण्याची नाही. २०११ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार केला. सुरक्षित आणि आरोग्यदायी जागी काम करण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. मंजुरी दिली नाही.

४

महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. ते दुबईचा प्रवास करून आले होते. रोग विमानाने आला, फ्लॅटमध्ये उतरला, आणि तेथून भांडी घासणाऱ्या हातांबरोबर वस्तीत जाण्याची त्याची वाट मोकळी होती. काही आठवड्यांतच 'रोग वस्तीतून येतो' असे म्हटले जाऊ लागले आणि सोसायट्यांची फाटके ह्या बायांना बंद झाली.

१९ मार्चला पंतप्रधानांनी आपल्याकडे काम करणाऱ्यांचे पगार कापू नका असे आवाहन केले. २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने पगार द्या असा आदेश काढला. पण त्या आदेशात उद्योग, दुकाने आणि व्यापारी आस्थापना होत्या, घर नव्हते. कारखान्याला आदेश आणि घराला आवाहन ! आवाहन पाळले नाही म्हणून कोणाला दंड होत नाही. पुढे मेमध्ये तो आदेशही गेला. मधल्या काळात २२ मार्चला टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. सफाईच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवायचे आणि ते काम करणाऱ्याला त्याच जागी ठेवायचे, ह्या रीतीवर बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींविषयीच्या आपल्या ग्रंथात कठोर टीका केली होती. ती त्या संध्याकाळी आठवणे अपरिहार्य होते.

मग जूनपासून बोलावणी सुरू झाली. मुंबईत लोकल फक्त अत्यावश्यक नोकरदारांना खुली होती आणि घरकामगार त्यांत बसत नव्हती. २१ ऑक्टोबरला सर्व स्त्रियांना परवानगी मिळाली, ती सकाळी अकरा ते तीन आणि सायंकाळी सातनंतर. भांडी घासणारी बाई सकाळी सातला दारात लागते, हे वेळापत्रक करणाऱ्याला ठाऊक नसावे.

आणि फाटकावर काय झाले ? माझ्या आईने चार घरची भांडी घासून मला एम. ए.पर्यंत शिकविले. त्या पावसाळ्यात ती परत कामावर गेली, तेव्हा फाटकावर तिच्या हातांवर, पिशवीवर, पदरावर फवारा मारीत. चपला बाहेर. लिफ्ट वापरायची नाही. पाच मजले चढून गेल्यावर ज्या घरात ती जाई तेथे कोणाच्या तोंडाला मास्क नसे, खिडक्या बंद असत. एका घरात मुलगा तापाने पडला होता हे तिला आठवडाभराने शेजारच्या बाईकडून कळले. मी चिडलो तेव्हा ती म्हणाली, "त्यास्नी माझं भ्या वाटतंय. मी त्यांचं भ्या धरलं तर खायाचं काय ?"

ह्या एका वाक्यात साथीतले सगळे अर्थशास्त्र आहे. भीती बाळगण्याचा अधिकारदेखील पगारावर अवलंबून असतो.

फवाऱ्याचेही पाहू. मार्च २०२० च्या अखेरीस बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारले. माणसांच्या अंगावर फवारणी करू नये, ती अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिललाच कळविले. तरी अनेक फाटकांवर ती चालू राहिली. हा रोग मुख्यतः श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. चपला बाहेर काढून तो थांबत नाही, जिना चढायला लावून थांबत नाही. मग हे उपाय कशाचे होते ? ते शुद्धीचे विधी होते. गोमूत्राच्या जागी हायपोक्लोराइट आले, एवढाच फरक. विज्ञानाची भाषा उचलून विटाळ परत आला.

५

तेव्हा सुरक्षितपणे परतणे म्हणजे काय, हे आपल्याला आपल्या बाजूने सांगावे लागेल. ते फार अवघड नाही. काम चालू असताना खिडक्या उघड्या असाव्यात. मास्क दोघींनी लावावा, बाईने आणि मालकिणीनेही. घरात कोणी आजारी असेल तर ते बाईला आधी कळले पाहिजे, आणि त्या दिवसांचा पगार तिला मिळाला पाहिजे. ती आजारी असेल तर तिला पगारासह घरी राहता आले पाहिजे. फरशी पुसायला ब्लीच आणि संडासाला अ‍ॅसिड दिले जाते; ही दोन्ही एकत्र झाली की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, हे तिला कोणीतरी सांगितले पाहिजे आणि हातमोजे दिले पाहिजेत. लिफ्ट सर्वांसाठी एक असली पाहिजे.

ह्या यादीतली महाग गोष्ट एकच आहे, आजारपणातला पगार. आणि साथीला खरोखर अडविणारी गोष्टही मुख्यतः तीच आहे. बाई ताप लपवून कामाला येते ती अडाणी असते म्हणून नव्हे. चार दिवस खाडा झाला तर पाचव्या दिवशी दुसरी बाई लागलेली असते म्हणून. १९८० च्या संपाने हे सांगितले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने नोंदणीकृत घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. नोंदणी नसलेल्या आणि नूतनीकरण न झालेल्या बायांना त्याचा काय उपयोग ? आणि दीड हजारांत किती दिवस घरी बसता येते ?

कार्यकर्त्यांनी नोंदणीच्या कामाबरोबर पगारी आजारी रजेची मागणी पुढे आणावी. ती केवळ कल्याणाची मागणी नाही, सार्वजनिक आरोग्याची मागणी आहे. विद्यार्थ्यांना आणि शिक्षक मित्रांना आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या आया २०२० साली त्या फाटकांवर उभ्या होत्या. हलालखोरांचे म्हणणे आपल्याला स्नो ह्यांच्या अहवालात सापडत नाही, कारण ते कोणी विचारलेच नाही. ह्या बाया आज हयात आहेत. कोणत्या घराने पगार दिला, कोणी दिला नाही, फाटकावर काय झाले, आजारपण कसे काढले, हे त्यांच्या बोलीत उतरवून घेता येईल. पुढची साथ येईल तेव्हा 'कामवालीला परत बोलवावे की नाही' हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल. त्या वेळी उत्तर देणाऱ्यांत ती स्वतः, तिच्या संघटनेसह, असली पाहिजे.