घरचा प्रिंटर घेताय? आधी शाईचा हिशेब करा

शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांचे प्रोजेक्ट अशी कागदांची रीघ लागते. त्यात कुणाचा पासपोर्ट, कुणाचा हजचा अर्ज. देवरूखच्या बाजारात झेरॉक्ससाठी पावसात थांबलं की वाटतं, घरीच एक प्रिंटर घेऊन टाकू. मग आपण दुकानात जातो आणि सगळ्यात स्वस्त तो उचलतो. खरा खर्च तिथूनच सुरू होतो. त्यामुळे घेण्याआधी एवढं वाचून घ्या.

पानामागे खर्च किती?

कंपनी खोक्यावर किंवा वेबसाइटवर एका कार्ट्रिजमध्ये, बाटलीत किंवा टोनरमध्ये किती पानं निघतात ते सांगते. किमतीला त्या पानांनी भागा. समजा ९०० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये १८० पानं निघतात, तर एक पान ५ रुपयांना पडलं. ३,००० रुपयांचा टोनर १,५०० पानं देत असेल तर पान २ रुपयांना. टाकीवाल्या एप्सनच्या ००३ नंबरच्या काळ्या बाटलीत ६५ मिली शाई असते आणि कंपनी ४,५०० पानं सांगते. बाटली ४०० रुपयांची धरली तर पानाला ९-१० पैसे. आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण हिशेबाची रीत हीच. पानांचा हा आकडा साध्या मजकुरासाठी असतो. फोटो काढले तर शाई कितीतरी पट जास्त जाते.

आता ४,००० चा कार्ट्रिजवाला आणि १२,००० चा टाकीवाला यांची तुलना करा. वरचे ८,००० रुपये साधारण १,६०० पानांत वसूल होतात. महिन्याला १०० पानं निघत असतील तर दीड वर्षाच्या आतच.

कुणी काय घ्यावं?

महिन्याला १०-१५ पानंच लागत असतील तर प्रिंटर घेऊच नका, झेरॉक्सवालाच परवडतो. मुलांचा अभ्यास, रंगीत चित्रं, रोजचं थोडंथोडं काम असेल तर टाकीवाला घ्या. काम फक्त काळ्या मजकुराचं आणि अधूनमधून असेल तर काळा-पांढरा लेझर बरा. टोनर म्हणजे पूड, ती महिनाभर न वापरताही वाळत नाही. शिवाय लेझरची अक्षरं पाण्याने पसरत नाहीत. आपल्या पावसात अर्ज घेऊन तहसील कार्यालयात जाणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मात्र लेझर गरम होताना वीज खूप ओढतो, तो घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका.

आखाती देशातून आणताना

आपल्याकडे बऱ्याच घरांतलं कुणीतरी दुबई, कुवेत, सौदीत असतं आणि येताना प्रिंटर घेऊन येतं. इथे सांभाळा. काही कंपन्यांच्या कार्ट्रिज विभागानुसार बांधलेल्या असतात. तिकडच्या प्रिंटरला इथली कार्ट्रिज चालेलच असं नाही. टाकीवाल्यातही तिकडच्या शाईचा नंबर वेगळा असू शकतो. वॉरंटीही बहुतेक वेळा त्याच देशापुरती असते. म्हणजे भेट फुकट आणि शाई परदेशातून मागवायची. त्यापेक्षा पैसे पाठवायला सांगा आणि इथेच घ्या.

घेताना दुकानदाराला विचारा: शाई देवरूखात मिळते का? बिघडला तर इथे दुरुस्त होतो की रत्नागिरीला न्यावा लागतो? कंपनीबाहेरची कार्ट्रिज चालते का? एचपीच्या काही प्रिंटरमध्ये 'डायनॅमिक सिक्युरिटी' असते, त्यात दुसऱ्या कंपनीची चिप असलेली कार्ट्रिज अडवली जाऊ शकते.

शाई वाचवायची कशी?

१. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नको. बटणाने बंद केला की शाईचं हेड झाकलं जातं आणि वाळत नाही.

२. शाईचा प्रिंटर असेल तर आठवड्यातून एक रंगीत पान काढा.

३. अक्षरं तुटक आली तर आधी 'नोझल चेक' करा. सारखं 'क्लीनिंग' केलं की बरीच शाई वाया जाते.

४. घरच्या वाचनासाठी ड्राफ्ट मोड आणि काळा रंग ठेवा. उर्दूच्या पानांना मात्र नॉर्मल मोड बरा. ड्राफ्टमध्ये नस्तालीकचे बारीक नुक्ते पुसट येतात.

५. पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाकतो आणि अडकतो. फोडलेलं पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये घाला.

६. टाकी भरलेला प्रिंटर आडवातिडवा नेऊ नका, शाई सांडते. मुंबईहून गाडीने आणायचा असेल तर नवा, शाई न भरलेलाच आणा.

घरात प्रिंटर आला की शेजारपाजारची मुलंही अर्ज घेऊन येणार, आणि यावीत. पान १० पैशांत पडत असेल तर कुणाला नाही म्हणायची वेळ येत नाही. ५ रुपयांना पडत असेल तर महिन्याभरात प्रिंटरवर कापड पडतं. म्हणून आधी हिशेब करा, मग खरेदी.